एका ताटात जेवलेला माणूस : असाईत ठाकर

साडेसहाशे वर्षांपूर्वी उत्तर गुजरातेत एक ब्राह्मण एका पटेलाच्या मुलीबरोबर एका ताटात जेवला. त्या एका जेवणामुळे त्याची जात गेली, पुराण सांगायचा अधिकार गेला, गाव सुटलं. आणि त्याच जेवणामुळे गुजरातला स्वतःचं लोकनाट्य मिळालं. माणसाचं नाव असाईत ठाकर, आणि लोकनाट्याचं नाव भवाई.

गुजराती साहित्य शिकणाऱ्या कुणालाही हे नाव नवं नाही. आम्हा बडोद्याच्या मराठी मुलांना मात्र ते फार उशिरा कळतं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर गुजराती अशी आमची वाटणी झालेली असते, आणि भवाई नेमकी या तिन्हींच्या मधल्या फटीत पडते. मंडळात आपण तमाशावर बोलतो, दशावतारावर बोलतो, गोव्याच्या जागरावरही बोलतो. शेजारच्या घरातला हा खेळ आपल्याला दिसत नाही. खरं तर असाईतचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. सिद्धपूर, उंझा, पाटण हा सगळा भाग 1949 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत बडोदा संस्थानात होता. भवाईवाले जिला आपली देवी मानतात त्या बहुचराजीचं आजचं मोठं देऊळ गायकवाड घराण्यातल्या मानाजीरावांनी बांधलं. आणि आईचं श्राद्ध करायला मातृगयेला म्हणजे सिद्धपूरला जाणारी मराठी कुटुंबं आजही आहेत. बिंदू सरोवरावर पिंड ठेवून ती परत फिरतात. याच गावातून कधीकाळी एका माणसाला जातीनं बाहेर काढलं होतं याची त्यांना कल्पनाही नसते.

असाईत जातीनं औदिच्य ब्राह्मण. या ब्राह्मणांना उत्तरेतून बोलावून मूळराज सोलंकीनं सिद्धपुरात वसवलं अशी त्यांच्या जातीची आठवण आहे. सिद्धपूर म्हणजे रुद्रमहालयाचं गाव. मूळराजानं सुरू केलेलं आणि सिद्धराज जयसिंहानं पूर्ण केलेलं ते प्रचंड शिवालय, त्याचे खांब आणि तोरण अजून उभे आहेत. अशा गावात असाईत कथा सांगायचा. त्याला पुराणं पाठ होती, गळा गोड होता, वाद्यांची जाण होती, आणि तो स्वतः कवीही होता. ‘हंसाउली’ हे चौदाव्या शतकातलं जुन्या गुजरातीतलं पद्यकथानक त्याच्या नावावर आहे. म्हणजे भवाईकडे तो वळला तो काही दुसरं जमत नव्हतं म्हणून नाही. सभेत मान असलेला, व्यासपीठावर बसणारा, दक्षिणा घेणारा असा तो माणूस होता. आपल्याकडच्या एखाद्या नामवंत कीर्तनकाराला डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचं गावातलं स्थान कळेल.

काळ मात्र उलथापालथीचा होता. 1299 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजा गुजरातेत उतरल्या आणि सोलंकी-वाघेल्यांचं राज्य संपलं. पुढची शंभर वर्षं पाटणला दिल्लीचे सुभेदार बसत. गुजरातची स्वतंत्र सल्तनत उभी राहिली ती 1407 मध्ये. असाईतचं आयुष्य या मधल्या काळातलं. जुने राजे गेलेले, नवे अजून रुळलेले नाहीत, आणि सैन्य घेऊन फिरणारा कुठलाही सरदार आपल्यापुरता राजा. अशा वेळी सर्वांत आधी भीती कुणाला वाटते हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या घरात तरुण मुली आहेत त्यांना.

उंझा सिद्धपूरपासून जवळच. आज हे गाव जिऱ्याच्या बाजारासाठी आणि कडवा पाटीदारांच्या उमिया मातेसाठी ओळखलं जातं. तिथल्या हेमाळा पटेलाच्या घराशी असाईतचा यजमान-उपाध्यायाचा संबंध होता. या हेमाळाची मुलगी गंगा एका मुसलमान सरदारानं उचलून नेली. पटेल मोठा असामी होता, पण सरदाराच्या तळापुढे त्याचं काही चालेना. तेव्हा असाईत गेला. शस्त्र घेऊन नाही. एक गाणारा माणूस म्हणून गेला.

परंपरा सांगते की त्यानं सरदाराला आपल्या गाण्यानं खूश केलं. सरदार बक्षीस द्यायला तयार झाला. असाईतनं मोहरा मागितल्या नाहीत, गंगा मागितली. ती आपली मुलगी आहे असं सांगितलं. सरदाराला संशय आला. ही तर पटेलाची पोर, हा ब्राह्मण. मग त्यानं एक परीक्षा काढली, आणि ही परीक्षा काढणारा माणूस आपल्या समाजाला किती अचूक ओळखत होता याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. त्यानं कुराणावर हात ठेवायला सांगितलं नाही, गंगेची शपथ घ्यायला सांगितलं नाही. खोटी शपथ माणूस घेऊ शकतो. त्यानं एक ताट आणायला सांगितलं. मुलगी तुझी असेल तर तिच्याबरोबर याच ताटात जेव.

असाईत जेवला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं वाचायची घाई होती, म्हणून या वाक्यावरून सरकन पुढे गेले. नंतर परत परत इथेच थांबले. त्या ताटासमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? पहिला घास हातात घेताना त्याला ठाऊक होतं की हा घास खाल्ला की मुलगी सुटणार. हेही ठाऊक होतं की तळाबाहेर ही बातमी त्याच्या आधी सिद्धपूरला पोचणार. तो भोळा नव्हता, पुराणिक होता. कुठल्या पातकाला कुठलं प्रायश्चित्त हे त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि समोर गंगा. वयानं लहान, घाबरलेली, आणि तिलाही हे नीट ठाऊक असणार की आपल्यासाठी हा माणूस काय गमावतोय. तिनं खाल्लं असेल का पोटभर? की दोघांनी नुसते घास चिवडले?

सरदारानं शब्द पाळला. गंगा सुटली. असाईतनं तिला बापाच्या हवाली केलं आणि तो आपल्या गावी परतला. तिथे जात बसली आणि जातीनं निवाडा केला. पाटीदाराच्या मुलीबरोबर एका ताटात जेवलेला ब्राह्मण ब्राह्मण राहत नाही. कारण काय होतं, कुणाचा जीव वाचला, याचा हिशेब तिथे नव्हता. असाईत आणि त्याचे तीन मुलगे वाळीत पडले. कथा बंद झाली, कारण ऐकायला कोण येणार? दक्षिणा बंद झाली, कारण देणार कोण?

आता यातलं एक मला स्पष्ट बोलायचं आहे. ही कथा आज बहुतेक वेळा हिंदू मुलीला मुसलमानाच्या तावडीतून सोडवणाऱ्या ब्राह्मणाची शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. तसं सांगणं सोपं आहे आणि हल्ली टाळ्याही मिळतात. सरदारानं मुलगी पळवली हा गुन्हाच, त्याला दुसरं नाव नाही. पण कथेतच नीट पाहिलं तर असाईतचं आयुष्य उद्ध्वस्त केलं ते सरदारानं नव्हे. परक्यानं ताट पुढे केलं, घरच्यांनी दार लावलं. आणि असाईतनं पुढे आयुष्यभर जे रचलं ते पाहता त्यालाही हे असंच दिसलं असावं, असं मला वाटतं.

हेमाळा पटेल उपकार विसरला नाही. त्यानं असाईतला उंझ्यात आसरा दिला, जमीन दिली, आणि त्याच्या वंशजांना पाटीदारांकडून बिदागी मिळण्याचा वंशपरंपरेचा हक्क दिला. मुलांची तीन घरं झाली. त्रण घर, म्हणजे गुजरातीत तीन घरं, यावरून तरगाळा हे जातीचं नाव पडलं असं सांगतात. एका जातीनं बाहेर काढलं आणि तीन पिढ्यांत बाहेर काढलेल्यांचीच नवी जात झाली. आपल्या देशात जातीबाहेर पडायचा रस्ता शेवटी दुसऱ्या जातीतच उघडतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गंगेचं पुढे काय झालं हे मात्र कथा सांगत नाही. ती सुटली, घरी आली, आणि गोष्टीतून नाहीशी झाली. परत आलेल्या मुलीला त्या काळी घरात काय वाट्याला आलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो, पण असाईतच्या त्यागाच्या कौतुकात तिची विचारपूस करायला कुणाला सवड झाली नाही.

वाळीत पडलेल्या माणसापुढे पोटाचा प्रश्न होता. असाईतकडे गळा होता, कथा होत्या आणि तीन तरुण मुलगे होते. देवळात बसून सांगायची सोय राहिली नव्हती, तेव्हा तो चौकात उभा राहिला. बसून सांगणं आणि उभं राहून करून दाखवणं यात केवढा फरक आहे! कथेकऱ्यापुढे श्रोता खाली बसतो. चौकात सगळेच एका पातळीवर. भवाईला रंगमंच नसतो. देवीसमोरच्या मोकळ्या जागेत, जिला चाचर म्हणतात, नट खेळतात आणि लोक भोवती बसतात. प्रत्येक छोट्या नाटकाला वेश म्हणतात. असाईतनं असे 360 वेश रचले अशी श्रद्धा आहे, म्हणजे जवळजवळ वर्षाच्या प्रत्येक रात्रीला एक. त्यांतले साठेक आज माहीत आहेत, आणि काहींमध्ये त्याची नाममुद्राही येते.

तमाशा पाहिलेल्या माणसाला भवाई पहिल्या पाच मिनिटांत ओळखीची वाटेल. भुंगळ वाजते. तांब्याची सरळ, लांबलचक तुतारी, माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारी, आणि तिचा आवाज शिवारापर्यंत पोचतो. गावाला निमंत्रण पाठवावं लागत नाही. देवीची स्तुती होते. मग आपल्या गणासारखा गणपती येतो. पण हा गणपती सोंडेचा मुखवटा लावत नाही. नट चेहऱ्यासमोर पितळेची थाळी धरतो, तिच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं असतं, आणि थाळीमागून तो नाचतो. थाळी हाच देवाचा चेहरा. असाईतच्या आयुष्यात ताटानं जे केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. हा संबंध मी जोडतेय. भवाईवाले असं काही म्हणत नाहीत, आणि थाळी वापरण्याची कारणं अगदी साधी असू शकतील. पण एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

गणपतीमागोमाग ब्राह्मणाचा वेश येतो. हा ब्राह्मण गबाळा, अस्वच्छ, आपल्या पवित्रतेचा डांगोरा पिटणारा असा हास्यास्पद माणूस असतो. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांना असाईतनं रोज रात्री, देवीच्या साक्षीनं, खेळाच्या सुरुवातीलाच गावापुढे उभं केलं. त्यानं सूड घेतला म्हणावं तर तो फार गमतीशीर सूड आहे, कारण हसणाऱ्यांत ब्राह्मणही असत. नंतर जूठण येतो, मुसलमान पात्र, विनोदी पण शहाणा, संसाराच्या पोकळपणावर भाष्य करणारा. नायक हा सूत्रधार, आणि रंगलो हा विदूषक. रंगलोला आपला सोंगाड्या समजा. कथा कितीही जुनी असो, तो मध्येच समोर बसलेल्या सावकाराकडे बोट दाखवून आजचं काहीतरी बोलून जातो.

आणि गावही नुसतं पाहत नाही. मशाल धरायचं काम गावच्या न्हाव्याचं. नट पुढे आला की तो मशाल घेऊन पुढे, नट वळला की तोही वळणार. चेहऱ्यावरचे भाव लोकांना दिसतात ते त्याच्यामुळे. नटांना जेवण गावाकडून, तेल गावाकडून. स्त्रियांची कामं पुरुषच करत, त्यांना कांचळिया म्हणतात. बाईला भवाईत जागा नव्हती, आणि इथे मला असाईतच्या परंपरेचं कौतुक थोडं आवरतं घ्यावं लागतं. गंगेसाठी सुरू झालेल्या खेळात गंगेचं काम करायला शेकडो वर्षं पुरुष उभा राहिला.

वेशांमध्ये कोण कोण येतं ते पाहिलं की कळतं, हा माणूस कुणासाठी लिहीत होता. वाणी येतो, त्याची बायको येते, पूरबिया शिपाई, फौजदार, राजे, तलाव खणणारे ओड, अस्पृश्य, सगळे येतात. कजोड्याच्या वेशात जाणत्या वयाची बायको आणि अजून पोरसवदा नवरा यांचं विजोड लग्न आहे. लोक हसून लोळतात, आणि घरी गेल्यावर कुणाच्या तरी अंगणात तेच लग्न चालू असतं. जसमा ओडणीच्या वेशात सिद्धराज जयसिंहच खलनायक आहे, तोच रुद्रमहालय पुरा करणारा, गुजरातच्या सुवर्णकाळाचा राजा. तलाव खणायला आलेल्या मजूर बाईवर त्याची नजर जाते, ती त्याला नकार देते, आणि तिच्या शापानं तलाव कोरडा राहतो. पाटणच्या सहस्रलिंग तलावाशी लोक ही कथा जोडतात. एवढ्या मोठ्या राजाला मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईपुढे छोटा करायचं धैर्य दरबारी कवीला झालं नसतं. दरबार आणि जात दोन्ही गमावलेल्या माणसाच्या परंपरेला ते परवडलं.

झंडा-झूलणचा वेश तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेजा नावाची वाण्याची बायको आणि झंडा नावाचा तरुण मुसलमान सरदार यांच्या प्रेमाची ही गोष्ट. जरा विचार करा. एका मुसलमान सरदाराच्या कृत्यामुळे ज्याचं आयुष्य बदललं, त्याच्या परंपरेत मुसलमान सरदार प्रेमिक म्हणून येतो, आणि तो नुसता राक्षस नसतो. त्याला मन असतं, दुःख असतं. असाईतनं आणि त्याच्या वंशजांनी कडवटपणाला वेशात घेतलं नाही. आजच्या गुजरातेत हा वेश तसाच्या तसा खेळायला किती गावं तयार होतील, हा प्रश्न मला पडतो.

हे मी का लिहितेय, असं विचारलंत तर उत्तर लांब नाही. बडोद्यात आमच्या शेजारच्या मासी उत्तरायणाला न चुकता उंधियूचा डबा पाठवतात. प्रेमानं पाठवतात, यात शंका नाही. माझ्या बारावीच्या परीक्षेला त्यांनीच दहीसाखर हातावर ठेवली होती. डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून आई त्यात काहीतरी घालते. पण आमच्या घरचं शिजवलेलं त्या खात नाहीत, कारण आमच्याकडे मासळी होते. म्हणून आई डब्यात फळं घालते, नाहीतर दुकानातली बंद पाकिटं. नाताळातसुद्धा. वीस वर्षांत यावर दोन्ही घरांत एक शब्द बोलला गेलेला नाही, आणि भांडणही नाही. डबा फक्त एकाच दिशेनं भरलेला जातो.

आणि आपण ख्रिस्ती आहोत म्हणून हे फक्त त्यांचं आहे असं मानायची सोय नाही. सप्टेंबर 1917 मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना शहरात कुणी जागा देईना. नाव लपवून ते एका पारशी सरायीत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले होते. एक हिंदू होता. दुसरा ख्रिस्ती होता, मुळात ब्राह्मण घरातला. त्यानं बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं, आणि आंबेडकर समजायचं ते समजले. धर्म बदलला तरी स्वयंपाकघर बदललं नव्हतं. हे सगळं आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यानंतर गाडीची वेळ होईपर्यंत ते ज्या कमाटीबागेत बसले होते, तिथे आम्ही लहानपणी छोट्या आगगाडीत बसायला जायचो. आपल्या नव्या करारात संत पेत्रही अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवता जेवता, यरुशलेमहून आपली माणसं येताच पंगतीतून उठला, आणि संत पौलानं त्याला तोंडावर बोल लावला. पेत्राला जे त्या दिवशी जमलं नाही ते असाईतला जमलं होतं, असं म्हटलं तर धर्मगुरू रागावणार नाहीत अशी आशा आहे.

असाईतनंतर भवाई तरगाळांची झाली. नायक, भोजक, व्यास अशी त्यांची आडनावं. पावसाळा संपला की टोळी निघायची, गावोगाव हक्काच्या यजमानांकडे खेळ करायची. पण मान कमी होत गेला. नट देवीचा, तरी पंगतीत वेगळा. विनोद पुढे पुढे भडक झाला, शहरी सुशिक्षितांनी नाकं मुरडली. अशा वेळी भवाई वाचवली कुणी? महीपतराम रूपराम नीलकंठ या अहमदाबादच्या सुधारकानं. त्याचा ‘भवाईसंग्रह’ 1866 मध्ये निघाला आणि तोंडातोंडी चालत आलेले वेश पहिल्यांदा छापले गेले. हा महीपतराम कोण? नागर ब्राह्मण. 1860 मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला म्हणून त्याच्या जातीनंही त्याला वाळीत टाकलं होतं. असाईतचे वेश गोळा करून जपणारा माणूस पाचशे वर्षांनी पुन्हा एक जातबाहेर ब्राह्मणच निघाला, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हटलं असतं. भवाईतली अश्लीलता त्यालाही खटकत होती. तरी त्यानं ती छापली.

विसाव्या शतकात नाटकवाल्यांना भवाईची आठवण झाली. रसिकलाल परीखांचं ‘मेना गुर्जरी’ जयशंकर ‘सुंदरी’ यांनी बसवलं आणि त्यात दीना गांधी, म्हणजे आपण हिंदी सिनेमात आजीच्या कामांत पाहिलेल्या दीना पाठक, होत्या. जयशंकर ‘सुंदरी’ स्वतः विसनगरच्या भोजक घरातले, म्हणजे भवाईच्या रक्ताचेच. ते गुजरातचे बालगंधर्व. शांता गांधींनी जसमा ओडणीचा वेश आधुनिक रंगभूमीवर आणला. आणि 1980 मध्ये केतन मेहतांनी ‘भवनी भवाई’ काढला. अस्पृश्याच्या वेशावरून बेतलेली ही कथा. त्यात गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून चालणारी माणसं दिसतात, आणि पेशवाईतल्या पुण्याबद्दल ऐकलेल्या मराठी माणसाला ती दुसऱ्या प्रांतातली वाटत नाहीत. चित्रपट असाईत ठाकर आणि ब्रेख्त यांना अर्पण केला आहे. प्रेक्षकाला गोष्टीत वाहून जाऊ न देता मध्येच थांबवून विचार करायला लावायची युक्ती ब्रेख्तची म्हणून आपण अभ्यासक्रमात शिकतो. रंगलो ती कितीतरी आधीपासून करत आला होता, फक्त त्याच्यावर परीक्षेत वीस मार्कांचा प्रश्न येत नाही.

मराठीत असाईतचा भाऊ शोधायचा तर तो पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, 1866 सालचा जन्म. म्हणजे भवाईसंग्रह निघाला त्याच वर्षीचा. ब्राह्मण, वतनदार, आणि तरी तमाशाच्या फडात उतरला, महार घरातल्या पवळाबरोबर उभा राहिला आणि जातीनं झिडकारलं तरी मागे फिरला नाही. 1945 मध्ये पुण्यात हलाखीत वारला. दोघांत फरक आहे. बापूराव कलेच्या ओढीनं जातीबाहेर गेला; असाईतला जातीबाहेर गेल्यामुळे ही कला सापडली. पण दोघांच्याही गोष्टीत ब्राह्मण पुरुषाचा त्याग ठळक अक्षरांत आहे आणि बाई कडेला उभी आहे. पवळाचं नाव निदान तमाशाच्या इतिहासात राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या तमाशा जगवणाऱ्या महार-मांग कलावंतांनी जातीमुळे काय सोसलं याला मात्र कुणी त्याग म्हटलं नाही, कारण त्यांच्याकडे सोडायला वतन नव्हतं. असाईतचं चरित्र सांगताना हे विसरायला नको.

‘भवनी भवाई’ पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण सगळ्यांनी मिळून पाहावा, अशी मंडळाला माझी सूचना आहे. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन गोखले अशी माणसं आहेत, आणि गुजराती येत नाही म्हणून कुणी अडणार नाही. जिथे अडेल तिथे मी सांगेन. त्याला दोन शेवट आहेत. एक गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्यानं मुलांसाठी गोड केलेला, आणि दुसरा त्याला मध्येच तोडून सांगितलेला. कुठला खरा यावर घरी आमचं एकमत झालेलं नाही. जेवण त्या दिवशी प्रत्येकानं घरून आणावं आणि मध्ये ठेवावं.